नवव्या पट्ट्याची हवा

३ फेब्रुवारी
आले एकदाची! खोली छोटी, पण खिडकीतून समोर अख्खा ढीग दिसतो. आईला फोनवर म्हटलं, तुझी लेक आता दगडांना आंघोळ घालणार. काम खरंच तसंच आहे. इथल्या दगडात टनामागे जेमतेम तीन किलो तांबं. वितळवायला घेतलं तर भट्टीचा खर्चही निघायचा नाही. म्हणून दगड फोडून डोंगराएवढा ढीग रचायचा, वरून ठिबकच्या नळ्यांनी पातळ ॲसिड सोडायचं, खालून पंख्याने हवा द्यायची. तांबं विरघळून तळातून निळं पाणी येतं. इतकं सुंदर निळं, की रुमाल बुचकळून बघावासा वाटला.

५ फेब्रुवारी
ढिगाचे बारा पट्टे. अकरा गुणी, नववा निगरगट्ट. ॲसिड पितो, हवा खातो, खालून पाणी मात्र बिनरंगी. माझी नेमणूक त्याचा कान पिळायलाच झाली आहे. मुकादम मितभाषी गृहस्थ. रोज सकाळी नवव्याच्या नळ्या स्वतःच्या रुमालाने पुसतात. नवव्याला हात लावू नका, एवढंच मला म्हणाले. मी हसण्यावारी नेलं.

८ फेब्रुवारी
बाकीच्या पट्ट्यांचं तापमान खालीवर होतं. नवव्याचं तीन वर्षं सदतीसवर अडून बसलंय. मापक बिघडला असणार म्हणून नवा बसवला. त्यातही सदतीस. नवाही बिघडलेलाच निघाला म्हणायचा.

१० फेब्रुवारी
ठरलं. नवव्याचं ॲसिड आणि हवा, दोन्ही बंद. साहेबांनी लगेच सही केली. मुकादमांनी हात जोडले. "मॅडम, ॲसिडचं पाणी तोडा. हवा तेवढी नका तोडू." कारण विचारलं तर रुमाल काढून नळ्या पुसायला लागले. मला राग आला, खोटं कशाला लिहू. व्हॉल्व्ह मी माझ्या हाताने फिरवला.

११ फेब्रुवारी
चौतीस. एवढा ढीग एका दिवसात तीन अंश निवत नाही. स्टोअरच्या काकूंना विचारलं, तर त्यांना रडूच फुटलं. तीन वर्षांपूर्वी नववा पट्टा घसरला. मुकादमांची बायको तिथे नळ्या अंथरत होती. चार दिवस उकरलं, सापडली नाही. मग साहेबांनी त्यावरच नवा दगड रचायला लावला.

सदतीस. माणसाच्या अंगाइतकं. मी काय करून बसले?

१२ फेब्रुवारी
एकतीस. उजाडताच धावत जाऊन व्हॉल्व्ह उघडला. हवा आत जाईना— दाब गेल्यावर ओली माती खालच्या हवेच्या नळीच्या भोकांत बसली असणार. मुकादम आधीच तिथे. नळीचा जोड सोडवून तोंडाने फुंकत होते. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी नळीला कान लावला. आतून कुणीतरी श्वास ओढत होतं—

१३ फेब्रुवारी
सव्वीस. आळीपाळीने फुंकतोय. ओठ फाटलेत. तोंडात तांब्याची चव.

मुकादम नवी नळी आणायला गेलेत, दुसरीकडून ठोकून बसवू म्हणाले— मी एकटीच—

श्वास उलटा आला. गार. आणि बाईचा आवाज, घरातल्यासारखा, थकलेला—

"अहो, पुरे आता. दमलात तुम्ही. घरी जा."

मग काहीच नाही. कान लावून बसले. काहीच नाही. मापकावर बाहेरच्या हवेइतकंच—

ते येताहेत. खांद्यावर नळी, धावत. हसताहेत. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघतेय— त्यांना कसं सांगू, की तिने—