ओटीच्या चौकटीत आलेलं नाव

भोकरशेत, ता. खालापूर
२४ मार्च २०२५

चि. साईनाथ यास ताईचे अनेक आशीर्वाद.

मेल केला तर याही ओळी सरकतील, म्हणून टपालानं लिहिते. तुझ्या त्या फॉर्मचा मला वीट आलाय. डावीकडे जत्रेची कामं, उजवीकडे नावांच्या चौकटी. मी मोबाईलवर एकेक नाव भरून ओमकारला मेलनं पाठवलं. कमिटीच्या या चिटणिसानं ते न वाचता शिळफाट्यावर छापून देवळाला चिकटवलं. सगळी नावं एकेक घर वर चढली होती. देवीची ओटी भरणाऱ्या जयाकाकू मथळ्याला चिकटल्या, झाडलोटीतली मी ओटीवर गेले. काठीचे मानकरी आपले बाबा झाडलोटीला, आणि पत्रावळी उचलणारा बुधाजी काठीला.

बाबांची काठी गेली, त्यावर लोक नुसते हसले. माझं नाव दिसलं आणि संध्याकाळी कमिटी दारात. बाकी चालंल, पण विधवेचं नाव तेवढं काढा, असं म्हणाले. हे गेल्यापासून दरवर्षी मी देवीचं अंगण झाडते, ते कुणाला खुपलं नाही. किळस आली रे. खरं सांगू, ओटीपुढं माझं नाव वाचून आधी मला आनंद झाला होता.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी ताई

पुणे
२९ मार्च २०२५

तीर्थरूप ताईस साईनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

फॉर्म माझाच, शिव्या मला दे. वर्डची फाईल मोबाईलवर उघडली की तक्ता मोडतो, त्यात तू एंटर दाबत बसली असणार. भरून झाल्यावर पीडीएफ करून मेलला जोडायची, मग कुठंही उघडा, चौकट हलत नाही. तशी मी करून ठेवलीय, सगळी नावं मूळ जागी. ओमकार रोज मागतोय.

पण मूळ जागी म्हणजे तू पुन्हा केरसुणीपाशी. माझ्या हातून ती पाठववत नाही. तू सांगशील तसं करतो.

बाबांना नमस्कार. राग गेला की दोन ओळी लिही.
साईनाथ

भोकरशेत
१४ एप्रिल २०२५

चि. साईनाथ यास आशीर्वाद.

तुझी पीडीएफ बाबांनी मागूच दिली नाही. कमिटी पुन्हा आली तेव्हा त्यांनी विचारलं, की सगळं चुकलं असताना एकच नाव का बदलायचं. छापलंय तसं मी झाडतो, मग पोरगीबी छापल्यापरमानं ओटी भरंल, असं सांगून मोकळे झाले. काठीचा मानकरी केरसुणी धरायला निघाल्यावर कोण काय बोलणार? ओमकारनं देवळावरचा कागद तसाच ठेवला.

पुनवेच्या पहाटे बाबांनी सगळं अंगण झाडलं. कंबर धरून बसत होते, पण केरसुणी कुणाला देईनात. बुधाजी काठी उचलायच्या आधी त्यांच्या पाया पडला. मी ओटी भरली तेव्हा जयाकाकू तोंड फिरवून उभ्या होत्या. त्यांचा मला अजून राग आहे.

शेजारची सोनुबाई नवरा गेल्यापासून देवळाची पायरी चढली नव्हती. ती माझ्यामागून आत आली आणि मूठभर तांदूळ मला पण दे, असं हळूच म्हणाली. आम्ही दोघींनी भरली.

पुढच्या वर्षी बाबांना काठी परत दे, आणि झाडलोटीला कमिटीतला कुणीही घाल. ओटीच्या चौकटीत माझ्याशेजारी सोनुबाईचं नाव लिही. मग कर तुझी ती न हलणारी पीडीएफ.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
ताई