हँडल वर घेतलं

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
रविवार, ता. ८ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या रामकिसनचा नमस्कार. दाजींनाही सांग. इकडं थंडी चांगलीच पडलीय, भोकरदनला तर जास्तच असेल. दाजींचा गुडघा थंडीत धरतो, तेवढं जप. तू पाठवलेले अनारसे पुरवून पुरवून खाल्ले, डबा परवा रिकामा झाला. उद्धवसाठी तुम्ही मुलगी बघून आलात, आशानं सांगितलं. मुलगी शिकलेली आहे, घरही चांगलं आहे म्हणे.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन असताना याला हे काय सुचलं, म्हणशील. फोनवर तू मधीच काहीतरी विचारतेस आणि मी दुसरंच काही बोलून ठेवून देतो. दिवाळीपासून तेच चाललंय. म्हणून कागद घेतला. अक्षर वेडंवाकडं आलंय, समजून घे. थोडं लिहितो, थांबतो, परत लिहितो.

आधी गाडीचं सांगतो.

माझी लांब पल्ल्याची मोटारसायकल तू पाहिलीस. दाजी तिला घोडा म्हणतात. त्या गाडीवर आशाला मागं बसवून मी कन्याकुमारी केली, गुजरातेत रणापर्यंत गेलो. लेकरूबाळ नाही, तर आपण रस्ते तरी बघू, असं तीच म्हणाली होती. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र तास-दीड तास चालवली की डावा पंजा थकून जायचा. बोटं आखडायची. क्लच दाबून दाबून होत असेल, असं धरून चाललो. चितेगावला कंपनीत बरोबरचे चारपाच जण लांबच्या गाड्या चालवतात, ते म्हणाले, तुमचं हँडल खाली पडतंय, सगळा भार पंजावर येतो, ते वर घ्या. त्यासाठी ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे मिळतात, रायझर म्हणतात. हँडलच्या खाली बसवायचे, म्हणजे हँडल वर उचललं जातं आणि जरा आपल्याकडं येतं. माणूस ताठ बसतो.

मला ते इतकं पटलं की काय सांगू. दुखणं गाडीत आहे आणि ते ठोकळ्यांनी जाणार, याच्यापेक्षा चांगली गोष्ट काय असणार?

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात बसवायला घेतले. टाकीवर जुनी चादर टाकली, त्याच्यावर हँडल टेकवून ठेवायचं होतं. पण आधीचे बोल्टच निघेनात. ॲलन-की धरायचो आणि ती बोटांतून फिरून जायची. एकदा पडली, परत पडली. आशा रांगोळीचा डबा घेऊन उभी होती. म्हणाली, "सरा, मी बघते." तिनं ओढणी खोचली आणि सगळे बोल्ट काढले. लई घट्ट नव्हते, अक्का.

ठोकळे मी जागेवर ठेवले, नवे लांब बोल्ट तिनं आवळले. "किती आवळू?" "मी बस म्हणेपर्यंत." मग गाडी चालू करून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघितलं. वायरी कमी पडल्या तर इंजिनाचा आवाज आपोआप चढतो. तसं काही झालं नाही. मी बसलो, हात पुढं केले आणि हँडल अगदी हातात आलं. पाठ ताठ, खांदे मोकळे. आशा म्हणाली, "आता कसं, नवरदेवासारखं बसलात." त्या दिवशी मी खरंच खूश होतो. हे मुद्दाम लिहितोय.

भाऊबीजेला तुझ्याकडं निघालो होतो आम्ही. पंक्चर झालं म्हणून सांगितलं, ते खरं नव्हतं. फुलंब्रीच्या पुढं वळणावर शेळ्या आडव्या आल्या. वेग काही नव्हता. ब्रेक दाबला, क्लच दाबायला गेलो आणि डाव्या हाताची बोटं आलीच नाहीत. लिव्हरवर नुसती ठेवल्यासारखी राहिली. गाडीनं हिसका दिला आणि आडवी झाली. आशाचा पाय खाली सापडला, सायलेन्सरनं पोटरी भाजली. लोकांनी गाडी उचलली. मी त्यांना काही सांगायला गेलो तर जीभ जड पडली, शब्द नीट फुटेना. घाबरलोय म्हणून असेल असं वाटलं. एक म्हातारा शेळ्यावाला माझ्या तोंडाकडं बघत म्हणाला, "सणावाराच्या दिवशी पिऊन गाडी चालवतो व्हय रं? बाईमाणूस मागं बसलंय."

आशा फुफाट्यात बसलेली होती, ती एकदम म्हणाली, "ते पीत नाहीत, बाबा."

अक्का, हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. आपल्या आईच्या तोंडून, आपल्या दारात. मी ते तिथंच ओळखलं. पण घरी येऊन मी स्वतःलासुद्धा सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी गयासभाईंकडं नेली. क्रांती चौकातलं त्यांचं गॅरेज तुला ठाऊक आहे, दाजींची स्कूटर तिथंच यायची. मी म्हणालो, ठोकळ्यांमुळं क्लचची वायर ताणली गेली, जड झाली. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "वायर को भोत ढील है, रामकिसनभाई. गाडी में कुछ नै." मी ऐकलं नाही. नवी वायर टाकायला लावली. तरी जड. मग वंगण, मग लिव्हर बदला, मग लिव्हरचा कोन बदला. शेवटी मी त्यांच्यावर आवाज चढवला, तुम्हाला आता काम जमत नाही म्हणालो. इतक्या वर्षांचा माणूस, खाली बघून पाना पुसत राहिला. आशानं माझ्यादेखत तो लिव्हर दोन बोटांनी दाबून दाखवला, आणि म्हणाली, "चला, आता डॉक्टरकडं जाऊ."

मज्जातंतूंच्या एक डॉक्टरबाई आहेत. माझ्याहून लहान, बोलायला मऊ. त्यांनी हात बघितले, गुडघ्यावर हातोडी मारली, जीभ बाहेर काढायला लावली. हातापायात सुया घालून विजेची तपासणी केली. मग खुर्ची जवळ ओढून विचारलं, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का?

मी म्हणालो, नाही.

"वडील?"

"वडील दारूनं गेले," असं माझ्या तोंडून निघालं. गल्ली म्हणायची तेच.

आशा म्हणाली, "सासूबाई सांगायच्या, त्यांनी दारूला कधी हातसुद्धा लावला नाही. नीट सांगा ना."

मग मी सांगितलं. कापसाच्या जिनिंगच्या ट्रकवर ड्रायव्हर होते, आधी सदऱ्याची गुंडी लावता येईना, मग गिअर पडेना, मग बोलणं जड झालं. मालकानं पिऊन येतो म्हणून घरी बसवलं. वर्षभरात खाटेवर, मग पाणीसुद्धा गिळता येईना. डॉक्टरबाई लिहून घेत होत्या, त्यांनी लिहिणं थांबवलं आणि विचारलं, दंड-मांडीचं मांस आपोआप उडायचं का?

तुला आठवतं ना? आबा पडलेले असायचे आणि आपण खाटेपाशी बसून म्हणायचो, आबा, बेडकुळी दाखवा. आणि ती त्यांच्या दंडात आपोआप उड्या मारायची. किती हसायचो आपण. आबाही हसायचे. माझ्या दंडात ती आता रात्रंदिवस उडते. आशा झोपेत हात ठेवते आणि लगेच काढून घेते.

आबा पीत नव्हते, अक्का. आई खरं बोलत होती. आता ती असती तर मी तिच्या पाया पडून हे सांगितलं असतं.

अंग हलवणाऱ्या नसाच मरत जातात, याला औषध नाही. एक गोळी आहे, तिनं थोडं हळू जातं म्हणे, बरं होत नाही. हात जातील, पाय जातील, जीभ जाईल, गिळणं जाईल. डोकं मात्र शेवटपर्यंत चांगलं राहतं. डॉक्टरबाईंनी ते दिलासा म्हणून सांगितलं. मला त्याचीच भीती वाटते. सगळं कळत राहणार. आशा भरवणार, तिचा हात थकलेला मला दिसणार, आणि "राहू दे" एवढं म्हणायला जीभ नसणार. कंपनीत अजून सांगितलं नाही. सकाळी चहा घेऊन अंगणात गाडीवर जाऊन बसायचो. हँडल अगदी बरोबर जागी आहे, जिथं असायला पाहिजे होतं तिथंच. थोडा वेळ बसायचो आणि उतरायचो. परवा उतरताना आशाला खांदा द्यावा लागला, म्हणून आता तेही बंद केलंय.

इथवर गुरुवारपासून लिहितोय. आता पुढचं.

हे दुखणं बऱ्याच जणांना असंच येतं, मागंपुढं कुणी नसताना. पण काही घरांत ते रक्तातून येतं. आपलं घर त्यातलं आहे. माझं रक्त तपासायला पाठवलं होतं, मंगळवारी कळलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, भावंडं किती? म्हटलं, एक बहीण, मोठी. त्या म्हणाल्या, आईबापातल्या एकाला असलं, तर प्रत्येक लेकराला येण्याची शक्यता निम्मी असते. येईलही, येणारही नाही. त्यांना बोलावून घ्या.

मी घरी आलो तर तुझा फोन आला. तू आशाशी बोलत होतीस, तिनं आवाज मोठा ठेवला होता. तू म्हणालीस, "यंदा अनारसे थापताना अंगठा साथच देईना, बाई. चिमटीत पीठ धरलं की सुटायचं. थंडीनं असंल." आशानं माझ्याकडं बघितलं. मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

थंडीनंच असेल. पन्नाशीत बायकांचे हात धरतात, दाजींचा गुडघा धरतोच की. मी सगळे देव केले आहेत, अक्का, आणि प्रत्येकाला एकच मागितलं, की माझ्या वाटणीचं मला दिलंस, तिची वाटणीसुद्धा माझ्याच अंगावर टाक. पण असं होत नसतं, हेही मला डॉक्टरबाईंनी सांगितलं. मी विचारलं होतं त्यांना. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

आणि उद्धव. तुला नसलं तर त्यालाही नाही, तिथंच सगळं संपतं. तुला असलं तर मात्र त्यालाही तेच निम्मं. त्या मुलीच्या घरी काय सांगायचं, सांगायचं का, कधी सांगायचं, मला कळत नाही. मी मामा आहे, मी म्हणायला पाहिजे की आधी तपासणी, मग साखरपुडा. लिहिलं. आता तू मला काय वाटेल ते बोल. आम्हाला मूल नाही याचं आशानं किती वर्षं सोसलं, तुला माहीत आहे. परवा ती भाकरी करता करता म्हणाली, "बरं झालं, आपल्याला झालं नाही." एवढं बोलली आणि चुलीसमोर तशीच बसून राहिली. भाकरी जळाली. मी पाठीवर हात ठेवायला गेलो, तो नीट उचलला गेला नाही.

दाजींना हे कधी दाखवायचं ते तू ठरव. उद्धवला मी सांगीन, मला बोलता येतंय तोवर. तो माझ्यावर चिडला तरी चालेल.

डॉक्टरबाईंकडं तुझं नाव सांगून ठेवलंय. पुढच्या आठवड्यात ये, एसटीनं ये, दाजींना घेऊन ये. आशा स्टँडवर येईल. पण त्याच्या आधी माझं एक ऐक. हे वाचून झालं की दाराशी उजेडात जा आणि डावा-उजवा दोन्ही हात पालथे धर. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधलं मांस बघ. माझ्या हाताला तिथं खळगा पडलाय, आबांच्या हाताला होता तसा. तुझं भरलेलं असेल तर लगेच फोन कर, कितीही वाजलेले असोत. भरलेलं नसेल, तर काही बोलू नकोस. नुसती ये. आपण दोघं बाजूबाजूला बसू. आपल्या घरातलं हे दुसऱ्या कुणाला समजावून सांगावं लागतं, तुला सांगावं लागणार नाही.

देव करो, आणि या वाटेनं मी एकटाच पुढं गेलेलो असो.

तुझ्या पाठचा,
रामकिसन