पाटावरची आई

बाबा, आई आज पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात थांबली. थांबली म्हणजे पाय उचलेनासे झाले. वरचं अंग पुढं झुकलेलं, हात चौकटीवर, आणि पाय फरशीला खिळल्यासारखे. हे दुखणं तुम्ही गेल्यानंतरचं, तुम्हाला ठाऊक नाही. परभणीचे डॉक्टर म्हणाले, मेंदूचा आजार आहे, वाढत जाणार. गोळ्यांनी थोडं सैल होईल इतकंच. एकदा पहिलं पाऊल पडलं की ती अंगणापर्यंत नीट चालते. ते पहिलं पाऊलच पडत नाही. मी इथं जिंतूरला अकरावीला फिजिक्स शिकवते, आणि घरी माझ्याच आईला एक पाऊल पुढं नेता येत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला तुमचा तो रविवार आठवला. बोरीचं घर, शहाबादी फरशी, मी अकरावीत. घर्षणाचा धडा काही केल्या माझ्या डोक्यात शिरत नव्हता. तुम्ही शेजारून कापूस मोजायचा ताणकाटा मागून आणला, पाटाला दोरी बांधली आणि आईला म्हणालात, "बस." तव्यावर भाकरी टाकून ती उठली होती, हाताला पीठ तसंच. "अवो, काय खुळ्यावानी करायलाव? लोक बघतील," म्हणाली, पण बसली. तुम्ही दोरी जराशी ताणता. काटा थोडा सरकतो, पाट जागचा हलत नाही. "आता घर्षण किती?" मी पुस्तकातलं सूत्र म्हणते, गुणांक गुणिले वजन. तुम्ही दोरी सैल सोडता. "अन् आता? कुणी वढतच न्हाई, तर ते कुणाला अडवायलंय?" मी पुन्हा तेच सूत्र म्हणते. "पाठ करून आलीस, बघून न्हाई. जेवढं वढावं तेवढंच ते अडवतंय, हद्द येईपस्तोर." तुम्ही असं बोललात की माझी कानशिलं तापायची, तशी तापली. मग तुम्ही हळूहळू ताण वाढवत नेलात, काटा चढत गेला, आणि पाट एकदम सुटला. आई मागं कलंडली आणि हसायलाच लागली. तुम्ही ओढतच राहिलात, काटा आधीपेक्षा खाली येऊन थांबला. "सुटेपस्तोर जास्ती, सुटल्यावर कमी," एवढं बोलून तुम्ही आईला पाटासकट चुलीपर्यंत नेऊन सोडलंत. भाकरी करपली होती. ती तुम्ही खाल्लीत.

तेवढ्या आठवणीवर मी आईला ओढायला लागले. आधी जोर लावायचा, सुटली की सोपं, असं माझं गणित. पण मी जितकी ओढते तितकी ती ताठ होते. "दनकन वढू नको गं, पडन मी," म्हणते. डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं, ओढू नका, फरशीवर रेघ मारा आणि ती ओलांडायला सांगा. मी कॉलेजातला खडू आणून दारात रेघ मारली. काही दिवस पाय उचलला. आता रेघेचंही तिला काही वाटत नाही. चपला बदलून पाहिल्या, पायपुसणं काढलं, काही फरक नाही. तुमचा त्या दिवशीचा दुसरा प्रश्न मला फार उशिरा कळला. चालताना घर्षण कुठल्या दिशेला, असं विचारलं होतंत आणि मी मागं म्हणाले होते. "मागं आसतं तर तुजी आई चुलीपाशी कवा पोचली आसती? पाय जमिनीला मागं रेटतोय, जमीन पायाला पुढं ढकलती." म्हणजे फरशीनं तिला धरून ठेवलेलंच नाही. फरशी पुढं ढकलायला तयार आहे. पाय रेटतच नाही, तर ती तरी काय करणार? पोरांना मी हे फळ्यावर बाण काढून समजावते, आणि घरी येऊन त्या दारात नुसती उभी राहते. बाबा, मला भीती वाटते.

आज मला उशीर होत होता. मी चिडून म्हणाले, "आई, उचल ना पाय." ती म्हणाली, "मी कुठं धरून ठिवलाय?" मग, अगदी शांतपणे, "पाट आण." आपला जुना पाट अजून आहे. त्याला ओढणी बांधली, तिला कशीबशी बसवली. या घरातल्या दारांना उंबरा नाही, ते एक बरं. तुमच्यासारखा हळूहळू ताण दिला. पाट सुटला, मग टाइल्सवरून अलगद येत गेला, आणि आई तशीच मागं कलंडून हसली. ओट्यापाशी पोचलो. उठवायला गेले तर उठवेना. काखेत हात घालून पाहिलं, कमरेला धरून पाहिलं. ओढणं जमलं, उचलणं जमेना. शेवटी मीच तिच्या शेजारी खाली बसले. "तुज्या बाबाला उठिवता आलं आसतं का गं?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले.

हा कागद मी माझ्या कपाटात ठेवणार आहे. आईच्या हाती लागायला नको, कारण एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. भिंतीपलीकडं शेजारच्या वहिनी भांडी घासत होत्या. एक हाक मारली असती तर धावत आल्या असत्या. मी मारली नाही. माझा पहिला तास बुडाला तरी मारली नाही. आई अजून हसत होती, आणि उठली की तिला पुन्हा चालावं लागणार होतं.