‘लुक आफ्टर’चे सगळे अर्थ

धुळे,
कानबाई उठल्यानंतरचा गुरुवार

प्रिय दिपमाला,

“नाना, ‘लुक आफ्टर’चे सगळे अर्थ आणि इतिहास सवडीने लिहून पाठवाल का? फोनवर नको,” हा तुझा निरोप मिळाला. हेमराज गेल्यापासून तू मला एकही क्रियापद विचारले नव्हतेस. लग्न होऊन या घरात आलीस तेव्हा तू बाहेरून बी.ए. करत होतीस. दर रविवारी भाकरी थापता थापता एखादे क्रियापद माझ्यापुढे टाकायचीस, मी खडू नसताना हवेत लिहून समजावू लागायचो, आणि हेमराज आतून आपल्या आईला ओरडून सांगायचा, “अक्का, तवा उतरव, नानांचा तास सुरू झाला!” शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, तरी असा प्रश्न आला की माझी पाठ आपोआप ताठ होते. म्हणून हे सविस्तर उत्तर. क्रमाने वाच, मधले काही गाळू नकोस.

प्रथम घटक पाहू. ‘लुक’ म्हणजे पाहणे, आणि ‘आफ्टर’ म्हणजे मागाहून, पाठोपाठ. हे दोन साधे शब्द शेजारी बसले, आणि त्यांतून सर्वांत आधी निघालेला अर्थ अगदी शब्दशः होता: कोणी निघून चालले असता त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहणे. यात सांभाळणे नाही, काळजी नाही, फक्त नजर आहे. पुढे या नजरेला पाय फुटले आणि ती शोधू लागली. हरवलेल्या जनावरामागे किंवा माणसामागे जाणे हा दुसरा अर्थ. पोलीस चोराच्या मागावर आहेत हे सांगताना इंग्रजीत आजही हेच ‘आफ्टर’ येते, त्यात या अर्थाची सावली आहे. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत असे की शब्दाचा इतिहास पाठ करायचा नसतो, त्याच्या मागून चालत जायचे असते. तेव्हा वर्ग हसायचा. तुला सांगितले तेव्हा तू हसली नाहीस, टिपून घेतलेस.

तिसरा अर्थ आता वापरातून गेला आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत सुंदर आहे. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘लुक आफ्टर’ म्हणजे वाट पाहणे. येणार असलेल्या गोष्टीची, चांगल्या आणि वाईटही. भयाने वाट पाहण्यासाठीसुद्धा हाच प्रयोग होत असे. मराठीने ‘वाट’ आणि ‘पाहणे’ एकत्र आणून जे साधले तेच त्यांनी साधले होते आणि मग सोडून दिले. पारोळ्याच्या अलीकडे हेमराजची मोटारसायकल ट्रकखाली गेली त्या दुपारी मी ओट्यावर बसून त्याची वाट पाहत होतो, कारण त्याच्याकडे माझ्या चष्म्याची काडी दुरुस्तीला दिली होती. पुढे कित्येक दिवस माणसे दारावर येत राहिली. बायका गल्लीच्या तोंडापासूनच रडत येत, पुरुष सतरंजीवर बसून पावसापाण्याचे बोलत. मी प्रत्येकाला पाणी विचारत होतो. मला रडू आले नाही. अजूनही आलेले नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो.

चौथा अर्थ तुझ्या पुस्तकात आहे तो: सांभाळणे, निगा राखणे. पाहता पाहता पाहण्याचीच निगा झाली. आपणही “मुलाकडे बघ जरा” म्हणतो तेव्हा नुसते डोळे मागत नाही. तू जळगावला केळीच्या रोपांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलीस, पाळ्यांची नोकरी, खोली एकटीची, म्हणून लेकीला, भूमिकेला, आमच्याकडे ठेवलेस. तेव्हापासून हा चौथा अर्थ मी आणि अक्का कृतीने शिकत आहोत. तुझी लेक आता जोडाक्षरे वाचते. परवा तिने दुकानावरची पाटी वाचली आणि दुकानदाराला त्याची चूक दाखवली. मी तिला दटावले, पण चूक होती हे खरे.

आता बातमी. त्याआधीच्या वर्षी सुतकामुळे आणि गेल्या वर्षी कशातच मन नसल्यामुळे आपल्या घरी कानबाई देवी बसली नव्हती. या श्रावणात अक्काने बसवायची ठरवली. तुला आपली रीत ठाऊक आहे: देवीच्या प्रसादाच्या रोटाचे गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धरायची, आणि त्या पिठाचे जे होईल ते भाऊबंदांनीच खाऊन संपवायचे, बाहेर कणही जाऊ द्यायचा नाही. माझा चुलतभाऊ लोटन, त्याची मुले, सगळे पाटाभोवती बसले होते. अक्काने माझी मूठ सुपात टाकली. मग सवयीने तिचा हात पुन्हा पोत्यात गेला, आणि “हेमराजनी” असे म्हणून तिने दुसरी मूठ टाकली. गहू गव्हांत मिसळले. लोटन म्हणाला, “वहिनी, हाई काय करं? गयेल मानूसनी मूठ देवीना रोटमा?” अक्का सुपाकडे पाहत राहिली. दाणे वेचून काढता येत नव्हते, सूप ओतून देता येत नव्हते. मी म्हणालो, ती मूठ भूमिकेची आहे. लोटन हसला. “नाना, आंडेरनी मूठ कधी धरतस का? इंग्रजी शिकाडी शिकाडी तुम्ही रीत भुली गयात.” मी म्हणालो, आजपासून मुलीचीही धरतात. आणि आमच्या घरातला सर्वांत मोठा मीच असल्यामुळे ते तसे झाले. भूमिकेने रोट खाल्ला, खीर दोनदा मागितली, आणि गंगाफळाची भाजी ताटाखाली लपवली.

सोमवारी कानबाईला नदीवर पोचवून परत आल्यावर लोटनने विषय काढला. पंडितचे स्थळ तुला आले आहे हे त्याला फैजपूरच्या कोणाकडून तरी समजले होते. तुझ्याच प्रयोगशाळेत रोपांच्या शेडवर देखरेख करणारा मुलगा, फैजपूरचा, पहिली बायको आजारात गेलेली, हेही त्याला ठाऊक होते. तो शांतपणे म्हणाला, “वहू जास त जाऊ द्या, तिनं बी वय शे. पन आंडेर आठेच ऱ्हाई. तुम्हीच तिनी मूठ धरी ना? मंग ती आपली व्हयनी. बठ्ठा भाऊबंदना समोर व्हयनी.” सगळ्यांनी माना हलवल्या. जी मूठ मी अक्काची चूक झाकण्यासाठी मुलीच्या नावावर केली, तिच्याच आधाराने ते तुझी मुलगी ठेवून घेऊ पाहत होते. मी अक्काचा चेहरा पाहिला. हेमराज गेल्यानंतर प्रथमच त्यावर काहीतरी उजळले होते.

मी लोटनला शाळेतल्यासारखेच समजावले. म्हणालो, मूठ धरल्याने मुलगी आपली झाली हे मान्य. पण रीत तिला दरवर्षी रोटावर बोलावण्याचा हक्क देते, आईपासून तोडण्याचा नाही. तो म्हणाला, “नाना, हाई बुकातली गोट शे.” मी म्हणालो, असेल. मग तो चहा न घेता गेला. अजून आलेला नाही, आणि बहुधा लवकर येणार नाही. मला याचे काय वाटते असे तू विचारशील. मी स्वतःला तपासून पाहिले. दात उपटण्यापूर्वी डॉक्टर सुई देतो आणि मग बोटाने टोचून विचारतो, काही जाणवते का, तसे टोचून पाहिले. स्पर्श समजतो, पुढचे समजत नाही.

आता हे पत्र लिहिण्याचे खरे कारण. तुला अर्थ नको होते हे मला निरोप वाचतानाच कळले. क्रियापद सोपे आहे, ते तू पहिल्याच वर्षी शिकली होतीस. तुला मुलगी मागायची होती आणि सासऱ्याकडे मुलगी कशी मागायची याचे वाक्य तुला जमत नव्हते. ते करू नकोस, त्याची गरज नाही. भूमिकेचा शाळा सोडल्याचा दाखला मी काल काढला. मुख्याध्यापक माझे विद्यार्थी आहेत, त्यांनी कारण विचारले. मी ‘आईकडे जाणे’ असे लिहायला सांगितले. येत्या रविवारी सकाळच्या बसने मी तिला घेऊन जळगावला येतो, तू स्टँडवर ये. पंडितला होकार कळव, आणि विधवेचा पाट लावतात तसे रात्री गुपचूप नको, दिवसाढवळ्या, चार माणसांत लग्न कर. बोलावलेस तर मी येईन. भूमिका झोपेत बोलते, तिला उठवू नकोस, आपोआप थांबते. दुधावर बळजबरी करू नकोस. अक्काला मी सगळे सांगितले तेव्हा ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “तिले ली जा. पन कोनता दिन ते माले सांगू नका.” मी सांगितलेले नाही. तरी आज पाहिले तर दारामागे पिशवी भरून ठेवलेली आहे. वर फ्रॉक आहेत, आणि तळाशी, श्रावण चालू असताना, थंडीचे दोन्ही स्वेटर आणि कानटोपी.

तुझाच,
नाना