उंबऱ्यावरची तंगडी

नोरदुरविक, ता. ६ मार्च

ती. रासमुसमामांस,

भाचा दान्याल याचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं, बरं वाटलं. कानांची चौकशी करत नाही. ते धड असते तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं, फोनवर भागलं असतं. माझी तब्येत ठीक आहे. दोन्ही वेळा उकडलेले बटाटे खातो. (यावरून तुमच्या काही लक्षात आलं असेल, तर पुढचं शांतपणे वाचा.)

बायबलातल्या नीतिसूत्रांच्या नव्या फेरोई भाषांतरातलं लाचेचं वचन तुम्ही समितीचे अध्यक्ष म्हणून माझ्याकडे दुरुस्तीला धाडलंत, त्याला येत्या गुरुवारी तीन महिने होतील. तुम्हांला ठाऊकच आहे, त्यात दोन माणसं आहेत. एक लोभी, तो आपल्याच घराचं वाटोळं करतो. दुसऱ्याला लाचेचा तिटकारा, तो जगतो. मी टेबलावर हिब्रू, डॅनिश, जर्मन आणि आइसलँडिक अशी चार पुस्तकं उघडून बसलो. कुठे त्याला लाचेचा तिटकारा आहे, कुठे नुसत्या भेटवस्तूंचा. पण जगतो तो सगळीकडे. त्याला स्वयंपाक करून कोण घालतं, हे मात्र एकाही भाषेत लिहिलेलं नाही. ही उणीव तेव्हा माझ्या ध्यानात आली नव्हती.

गावातल्या साध्या माणसांना वाचून दाखवावं, अशी तुमचीच सूचना. म्हणून मी ते चर्चच्या विणकामाच्या बैठकीत नेलं. सगळ्या बायकांना वचन फार आवडलं. (दुसऱ्याबद्दल असलं की आवडतंच.) सान्नाआजी आता एक्क्याण्णव वर्षांची आहे, तिने सुया न थांबवता निकाल दिला, "हे कोपनहेगनच्या लोकांबद्दल दिसतंय." मी विचारलं, आपल्याकडे लाच आली तर ती ओळखायची कशी? तेव्हा म्हणाली, "अरे मास्तर, त्यात काय कळायचंय? भेट आणणारा आत येतो, बसतो, चहा पितो, साऱ्या गावाच्या कुचाळक्या करतो आणि हाकलल्याशिवाय उठत नाही. लाचवाला उंबऱ्यावरच वस्तू टेकवतो नि सटकतो!" इतकी स्वच्छ व्याख्या मला चार भाषांत मिळाली नव्हती. मी ती वहीत उतरवून घेतली आणि तिथेच माझा घात झाला.

कारण चौथ्या दिवशी त्रोंदुर आला. त्रोंदुर म्हणजे माझा मेहुणा, आमच्या मार्युनचा थोरला भाऊ, ओढ्यापलीकडचा. वाळवणाच्या खोपटातली वाऱ्यावर सुकलेली मेंढीची एक तंगडी तो दर हिवाळ्यात आम्हांला आणून देतो. चराईची सभाही त्याच सुमाराला असते आणि डोंगराचा कुठला उतार कुणाच्या मेंढ्यांना, हे त्या सभेत मी सांगतो. (सांगतो म्हणजे वाचून दाखवतो. कुणाची पाळी कधी, हे आजोबांच्या काळापासून ठरलेलं आहे. मला लाच देऊन कुणाला काही मिळण्यासारखं नाही. पण हा विचार माणसाला नंतर सुचतो.) तर त्या दिवशी त्रोंदुरने तंगडी उंबऱ्यावर ठेवली, "बुटांना चिखल आहे, येत नाही आत," असं ओरडला आणि गेला.

मी वही उघडून पाहिली. मग तंगडी काखेत मारली, ओढा ओलांडला आणि त्याला म्हटलं, ही मला घेता येणार नाही. कारणही सांगितलं, वचनासकट. त्रोंदुरने तंगडी माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाला, "असं होय? मग दाजी, आधीच्या एकोणीस काढा बाहेर!" आणि मी घरी पोचायच्या आत, जवळच्या वाटेने येऊन, त्याने ती तंगडी आमच्या फाटकाला टांगली. मी ती काढली नाही, त्यानेही काढली नाही. गावातल्या प्रत्येकाला तिथून जाताना वास येतो आणि मग तो खिडकीकडे बघतो.

मार्युनला हे स्वयंपाकघरात कळलं. ती आरडाओरडा करत नाही, तुम्हांला माहीत आहे. तिने सुरी पुसून जागेवर ठेवली आणि विचारलं, "म्हणजे एकोणीस वर्षं मी ह्या घरात लाच कापून वाढत होते?" मी म्हणालो, हिब्रूत तो शब्द जरा व्यापक आहे. हे बोलायला नको होतं. विणकामाची टोपली घेऊन ती भावाकडे गेली, त्याला आज तेवीस दिवस झाले. तिच्या खोलीतला दिवा मला टेबलावरून दिसतो. भाषांतर पुढे सरकत नाही, त्याचं हेही एक कारण आहे. मला तिच्यावाचून करमत नाही, मामा.

एरवी पत्राच्या शेवटी लोभ मागायची पद्धत आहे. पण सध्या तो शब्द दुरुस्तीसाठी माझ्याकडेच पडून आहे, म्हणून मागत नाही.

तुमचा आज्ञाधारक,
दान्याल

ता. क. 'लाच' हाच शब्द छापा. तळटीप नको.

ता. क. २. परवा मी तिच्या आवडीचा रूबार्बचा मुरंबा घेऊन ओढ्यापलीकडे गेलो होतो. 'आत या' असं कुणी म्हणालं नाही. बरणी उंबऱ्यावर ठेवली आणि परत आलो. सान्नाआजीच्या हिशेबाने ते काय झालं, हे मला वही न उघडता कळतं. तुम्ही आलात तर मार्युनला दार उघडावंच लागेल, चहाही टाकावा लागेल. मी तुमच्या मागोमाग आत शिरेन आणि हाकलल्याशिवाय उठणार नाही.

ता. क. ३. फाटकावरची तंगडी या पत्रासोबत पाठवतो आहे. बसच्या ड्रायव्हरला वेळ नसतो, तो ती तुमच्या उंबऱ्यावर टेकवून निघून जाईल. तुम्ही तिला काय म्हणायचं ते म्हणा, पण या.