पुसलेले कोष

८ जानेवारी

आणखी कोष मेले! हातात घेतले तर शेंगेच्या टरफलाइतके हलके. आणि शेजारच्या टेबलावरच्या लोरीनचे? बोट लावलं की शेपटी झटकतात! तंबाखूवरच्या त्याच अळ्यांचे कोष, तेच कपाट, तीच कोरडी हवा. आमचे प्रमुख डॉ. टॅकेट तिच्याच टेबलाशी घोटाळत होते. "पोरीच्या हाताला गुण आहे." माझे हात काय उसने आणलेत?

उन्हाळ्यानंतर प्रयोगशाळेत एकीलाच जागा. जिचे कोष हिवाळा काढतील, तिला.

११ जानेवारी

लोरीनने घरून मक्याचा पाव आणला. चांगला होता. त्याचाच राग आला.

१५ जानेवारी

कारण कळलं— तेही तिच्याच तोंडून! वजन करण्याआधी मी कोषांवरची माती ओल्या फडक्याने पुसत होते. ती मागे येऊन उभी. "अगं वर्डी, पुसतेस काय! अंगावरचं मेण जाईल ना! मग आतलं पाणी राहतंय कुठलं? झोपलेल्याचं पांघरूण ओढतेस तू!" सगळे हसले. मेणाचं मला शिकवते! पण ते काढायला द्रावणच लागतं असं मी धरून चालले होते. साध्या फडक्यानेही जातं... माती दिसली की पुसायची, ही आईची शिस्त. तिनेच घात केला.

१७ जानेवारी

या हिवाळ्यातले शेवटचे कोष मातीतून काढून लोरीनने नवा ट्रे लावला. एक पुरेना म्हणून दुसरा! "हा कशाला?" विचारलं. "बघशील," म्हणाली आणि हसली. ते हसणं डोक्यात गेलं.

१८ जानेवारी

सगळे जेवायला गेले होते. मेण उतरवायच्या द्रावणात कापूस बुडवला आणि तिच्या नव्या ट्रेतला एकेक कोष पुसून काढला. मग ट्रे होता तसा कपाटात ठेवला.

दिसायला काहीच फरक नाही.

२९ जानेवारी

नवा ट्रे गेला. सगळे सुरकुतले. लोरीन सगळ्यांसमोर रडली. मला बरं वाटेल असं वाटलं होतं— थोडं वाटलंही.

३० जानेवारी

लोरीन वसंतात लग्न करून टेनेसीला चालली आहे. जागा तिला नकोच होती. "तो ट्रे तुझ्यासाठी लावला होता गं," म्हणाली, "वर्डीच्याच नावावर धरा, असं डॉक्टरांना सांगूनही ठेवलं होतं." मग माझा हात धरून विचारते— "वर्डी, माझ्याच हातून पुसले गेले असतील का?"