तातडीचं की साधं?

२ मार्च, सोमवार

सकाळी सातपासून फोन! तेरा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना आजपासून डॉक्टर फुकट. कालपर्यंत फक्त सहाच्या आतल्यांना होतं. मुलं दुप्पट, डॉक्टर तीच एक, आणि खिडकीवर मी एकटी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "प्रत्येकाला एकच विचारायचं — तातडीचं की साधं? तातडीचं त्याच दिवशी, साधं पुढच्या आठवड्यात." वहीत दोन रकाने आखले.

४ मार्च, बुधवार

रांग दारापर्यंत. एकाने तर नुसता गुडघा खरचटलेलं पोर आणलं! डोकं फिरलं माझं. "फुकट ते पौष्टिक!" मी म्हणाले, चांगलं मोठ्याने. दोघं-तिघं हसले. मागे कोपऱ्यावरची शिंपीणबाई लेकीचा हात धरून उभी होती. ती हसली नाही. जरा वेळाने पाहिलं तर दोघी निघून गेलेल्या. बरं झालं, रांग कमी झाली, असंही वाटलं. खोटं कशाला लिहू?

५ मार्च, गुरुवार

शिंपीणबाईचा फोन. लेकीला ताप, खोकला. विचारलं, तातडीचं की साधं? "साधंच आहे हो, ताई. तुम्हाला आधीच केवढा व्याप!" दिली वेळ — पुढचा बुधवार, दहा चाळीस.

८ मार्च, रविवार

हे म्हणाले, सुट्टीच्या दिवशीही तोंड का उतरलंय? गुरुवारच्या त्या फोनवर मागून पोरीचा खोकला ऐकू येत होता. थांबतच नव्हता. मी ऐकला, आणि तरी साध्याच्या रकान्यात लिहिलं!

गेल्या वर्षी माझे पडदे या बाईने एका दिवसात शिवून दिले. विचारलं तर म्हणे, साधंच काम होतं. तिचं सगळं साधंच असतं. हे मला ठाऊक होतं. उद्या उठल्या उठल्या फोन करायचा.

१० मार्च, मंगळवार

काल सहा वेळा फोन केला. उचलत नाही. आज जेवणाच्या सुट्टीत दुकानावर गेले. कुलूप! काचेतून दिसलं — मशीनखाली गणवेशाची अर्धी शिवलेली बाही, दिवा चालूच. शेजारचा चांभार म्हणाला, "रविवारी पहाटे गाडी बोलावली. पोरीचे ओठ निळे पडले होते." कुठल्या हॉस्पिटलात, त्याला माहीत नाही.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, ते 'फुकट ते पौष्टिक'सुद्धा. "चौकशी करते," एवढंच म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ मार्च, बुधवार

आठ वाजता फोन. तीच! पोरगी ऑक्सिजनवर आहे, पण धोका टळलाय. मला रडूच फुटलं. समजूत तिने काढली — तिने, माझी! मग म्हणाली, "ताई, फोन एवढ्यासाठीच केला. आमची दहा चाळीसची वेळ दुसऱ्या कुणाला तरी द्या. फुकटची आहे, वाया नको जायला."